माझ्या यानात कोण शिरलं?

मागच्या महिन्यात सुट्टीवर घरी होतो, हिंगणघाटजवळ आमच्या गावी. आणि तिथे माझ्या गेममध्ये कोणीतरी शिरलं...

आधी गेम सांगतो. मी तमिळनाडूत होसूरला एका कारखान्यात वायरिंगच्या लाईनवर आहे. रूमवरच्या ओडिशाच्या पोराने हा गेम फोनमध्ये टाकून दिला. मारामारी नाही, गोळीबार नाही. अंतराळातलं एक मोठं यान, सगळे झोपलेले, एकटा मेकॅनिक जागा... बोट लावाल तिथे तो जातो, वस्तू उचलून झोळीत टाकतो. कुठली वस्तू कुठे लागते ते आपण शोधायचं.

यानाचा कॉम्प्युटर त्याच्याशी सतत बोलतो. माझी शाळा नववीतच सुटली, इंग्रजी फारसं येत नाही, पण ट्रान्सलेट करून बघतो. त्या कॉम्प्युटरवर मला पहिल्यापासून संशय. फार गोड बोलतो... आमचा सुपरवायझर ओव्हरटाइम मागायच्या आधी बोलतो तसा.

संशय हा माझा स्वभावच आहे म्हणा. पण या वेळी कारणही होतं. एक ठेकेदार मला आखातात न्यायला मागे लागला होता. करार लांबचा, मधे सुट्टी नाही. मी हो म्हटलं नव्हतं, नाही पण म्हटलं नव्हतं. घरी तर एक अक्षर बोललो नव्हतो, आणि त्याचे सगळे मेसेज याच फोनमध्ये.

सकाळी भेंडी तोडायला वावरात जायचो तेव्हा फोन घरीच चार्जिंगला. एक दिवस परत आलो तर माझा मेकॅनिक जागेवर नाही. मी त्याला इंजिनच्या खोलीत उभा केला होता आणि हा पठ्ठ्या यानातल्या बागेत... दुसऱ्या दिवशी तर झोळीत एक पाना जास्तीचा.

फोनला लॉक नव्हतं. घरी लॉक लावलं की काय लपवून राह्यला म्हणून चौकशी सुरू होते. आता मात्र वाटलं, लावायला हवं होतं. जो गेम उघडतो तो मेसेज पण उघडत असेल...

पहिला संशय लहान बहिणीवर, पल्लवीवर. आडून आडून विचारलं. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "दादा, मले माह्या बारावीचं पडलं आहे. तुह्या त्या रॉकेटात मी काऊन बसू?"

आई फोन घेते तो फक्त मावशीशी बोलायला. राहिले बाबा. ते फोनमध्ये भाजीचे भाव सोडून काही बघत नाहीत, आणि मी शाळा सोडल्यापासून माझ्याशी पण भावापुरतंच बोलतात. तरी मी सापळा लावला. फोन चार्जिंगलाच ठेवला, भेंडीचे कॅरेट गाडीवर बांधले, हिंगणघाटला चाललो म्हणून सांगितलं, आणि वळणावर गाडी चुलतभावाच्या हाती देऊन मागच्या दाराने घरात आलो.

खाटेवर बाबा. चष्मा नाकावर, फोन हातभर लांब धरलेला, एका बोटाने सावकाश दाबणं चालू... मी भांडायच्या तयारीनेच मागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी वळून न बघताच विचारलं, "हे दार काऊन उघडत नाई?"

तिथे तर मी पण अडकलो होतो. बागेच्या दारापाशी एक नमुना ठेव, असं कॉम्प्युटर सांगतो. मी पानं ठेवली, माती ठेवली, दार हललं नाही. हे त्या कॉम्प्युटरचंच कारस्थान, असं माझं पक्कं मत. बाबांनी पण तेच सगळं करून पाहिलं होतं. वेलीवर भोपळ्यासारखं एकच फळ होतं, देठाला लाल फीत बांधलेलं. ते ठेवून पाहिलं का, मी विचारलं.

"बिजवाईचं आहे ते," बाबा म्हणाले. "फीत नाई दिसत का?"

आमच्याकडे वेलीवरचं सगळ्यात चांगलं फळ बियाण्यासाठी राखतात आणि त्याला चिंधी बांधतात, म्हणजे तोडणाऱ्याचा हात जाऊ नये. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पण त्या फळाला एकदाही बोट लावलं नव्हतं. मनात सुद्धा आलं नव्हतं... आणि इतके दिवस त्या कॉम्प्युटरला चोर समजत होतो.

मी म्हटलं, बाबा, गेम आहे, दाबा. ते म्हणाले, "तूच दाब. मी नाई दाबत." मी दाबलं. फळ दारापाशी ठेवलं, दार उघडलं. बाबांना काही आनंद झाला नाही. पुढच्या हंगामाला ते यानातले लोक आता काय लावतीन, याचीच त्यांना काळजी.

मग स्क्रीनवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "अन् तू कधी जाऊन राह्यला?"

मी वावरात असताना ठेकेदाराचा फोन आला होता. बाबांनी उचलला, पासपोर्ट एवढा शब्द ऐकला आणि ठेवून दिला. काय भानगड आहे ते शोधायला रोज फोन उघडायचे. मेसेज कुठे असतात ते सापडलं नाही, गेम मात्र उघडाच होता. मग तोच का खेळत बसले, असं मी विचारलं.

"एकटा माणूस आहे. घरी पोचते का नाई, ते पाहून राह्यलो."

मग मी सगळं सांगितलं, कराराचं पण. पल्लवी दारात येऊन ऐकत होती. बाबांनी नाही म्हटलं नाही. फोन माझ्या हातात दिला आणि उठता उठता म्हणाले, "जाशीन तर जाजो. पण सांगून जाजो."

मी घरच्यांवर पाळत ठेवत होतो आणि पाळत माझ्यावरच होती... पण आपल्यावर अशी पाळत ठेवणारं कोणी आहे, हे कळलं की परक्या गावात बरं वाटतं. ठेकेदाराला त्याच दिवशी मेसेज टाकला, घरी बोलणं चालू आहे, थांबा. हसला असेल तो. हसू दे.