दादा जिथे थांबायचा

माझा थोरला भाऊ नेमकं काय करायचा, हे मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही. गाणारा म्हणावं, तर तो सुरात गात नसे. बोलणारा म्हणावं, तर असं ठेका धरून, श्वास न टाकता कुणी बोलत नाही. चित्रकार म्हणावं, तर त्याचं एकही चित्र शिल्लक नाही. कुणी विचारलं की मी "पेंटर होता" म्हणते आणि विषय बदलते. मग दिवसभर स्वतःवरच चिडते.

पोटापाण्यासाठी तो पेंटरच होता. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडदुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याआधी, साठच्या दशकात, तो टॉकीजची जाहिरात करत सायकलरिक्षातून हिंडायचा. पुढे भोंगा, मागे पोस्टर, आणि दादाच्या तोंडी सिनेमाची अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी तिकीट काढून बघा. बोलण्याचा तो वेग त्याला तिथेच लागला आणि पुढे सुटला नाही. त्यात त्याने काय काय कालवलं! दुकानदारांचं गिऱ्हाईक ओढायचं बोलणं, खडी गंमत या आमच्याकडच्या तमाशातले चावट सवाल-जवाब, कव्वालीची टाळी, आणि आमच्या वस्तीत जयंतीला होणाऱ्या गाण्यांचा जोश. आम्ही छप्पनच्या दीक्षेतली माणसं. आमच्याकडे गाण्याला तोटा नव्हता. दादाला मात्र नुसतं गाणं पुरत नसे.

त्याचा खेळ असा असायचा. दोन बांबूंना मांजरपाटाचा पांढरा पडदा बांधायचा. खाली डब्यांत नीळ, गेरू, काजळी, सगळं डिंकाच्या पाण्यात कालवलेलं. ते कालवायचं काम लग्न होईपर्यंत माझं होतं, आणि गुठळी राहिली तर बोलणीही मलाच बसायची. दादाच्या उजव्या पायात घुंगरांचा पट्टा असे. तो पाय आपटत बोलायला लागे, आणि बोलता बोलता ऐन शब्दाशी येऊन थांबे. पाय चालू, तोंड बंद. तेवढ्यात कुंचला पडद्यावर फिरायचा, चित्र उमटायचं, आणि समोर बसलेली माणसं ते बघून तो शब्द ओरडायची. दादा तो शब्द उचलून पुढे निघायचा. स्वतः तो शब्द कधीच उच्चारायचा नाही.

"तो माह्या तोंडचा नाई, लोकाईचा हाये," म्हणायचा.

मौद्याच्या मंडईतला एक खेळ मला अजून दिसतो. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा; थंडी होती, माणसं घोंगड्या पांघरून बसलेली. दादा आमच्या बापावर बोलत होता. बाप गिरणीत होता आणि छातीत कापूस जाऊन जाऊन लवकर गेला.

"भोंगा झाला, बाप उठला, चहा घेतला, चप्पल घातली,
गेला गेला गिरणीत गेला, कापूस गेला नाकात गेला,
दिवस गेला, जन्म गेला, सांज झाली, दार वाजलं, कोण आला?"

आणि थांबला. पडद्यावर त्याने एक वाकलेला माणूस काढला. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, खांद्यावर पांढरं. मग बायकांमधून आवाज आला, "माह्या घरचा!" आणि मग चहूकडून तेच, "माह्या घरचा! माह्या घरचा!" मी वळून पाहिलं. पहिला आवाज आमच्या मायचा होता.

माय त्याच्या जवळपासच्या प्रत्येक खेळाला जायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच तो पडदा धुऊन टाकायची. कापड महाग, पुढच्या खेळाला तेच लागायचं. नळाखालून निळं-तांबडं पाणी वाहत जायचं आणि पडदा दोरीवर कोराकरकरीत वाळत असायचा. मी हळहळले की दादा हसायचा. म्हणायचा, "बोलणं राहते का कुठं? मंग चित्र काहून रायला पाहिजे?"

शिकलेल्या लोकांना हे काही पचलं नाही. गाण्याच्या स्पर्धेत गेला तर परीक्षक म्हणाले, हे गाणं नव्हे. चित्रांच्या प्रदर्शनात विचारायला गेला, तर त्यांनी विचारलं, चित्र कुठं आहे? एका विद्वानांनी मंचावरूनच सांगितलं, "एक ना धड, भाराभर चिंध्या." दादा खालून हात जोडून म्हणाला, "चिंध्यांचीच गोधडी होते जी. एकडाव पांघरून तं पाहा." लोक हसले. मी नाही हसले. मला त्या विद्वानांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

ऐंशी साल उलटल्यावर त्याचा आवाज बसायला लागला. रंगवताना गालात खर्रा धरायची त्याला सवय होती. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला तो खर्रा नागपुरात कोण खात नाही? मायने शिव्या दिल्या, वहिनीने पुड्या फेकल्या, याने ऐकलं नाही. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की कॅन्सर आहे, गळ्यातली आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली ती तो मरेल याची नव्हती. तो जगेल आणि त्याचं काहीच उरणार नाही, याची होती. पडदे मायने धुतलेले. आता आवाजही जाणार. मग हा माणूस होऊन गेला हे कळणार कशावरून?

आमचे हे वीज खात्यात नोकरीला, शिस्तीचा माणूस. त्यांनी मित्राकडून टेपरेकॉर्डर मागून आणला. ऑपरेशनआधीच्या रविवारी दुपारी आम्ही सगळे मायच्या खोलीत जमलो. यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, गल्लीतली पोरं हाकलली. दादा पडदा बांधायला लागला तर म्हणाले, "भाऊ, चित्र टेपमंधी येत नाई. डबे वाजतीन, उगाच खरखर होईन. तुमी निसतं बोला." आणि आम्हा बायकांकडे वळून तोंडावर बोट ठेवलं, "कोणी हू का चू करू नका." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. आवाज जपायचा तर खोली गप्प हवी, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

दादा मानेने बरं म्हणाला. बसक्या आवाजात, पण काय बोलला तो! जुने सगळे खेळ एकामागून एक बोलला. आणि प्रत्येक वेळी आपल्या जागी थांबला. पाय वाजत होता. रिकामा हात हवेत उठायचा, फिरायचा, खाली यायचा, आणि तो आमच्याकडे बघायचा. माझ्या जिभेच्या टोकावर शब्द यायचा, की यांनी डोळे वटारलेच. माय पदर तोंडात धरून बसली होती. दादा थोडा वेळ वाट बघायचा आणि शब्दावाचून पुढे जायचा. दम घ्यायला थांबतो आहे, असं यांना वाटत होतं.

शेवटी तो एक नवा खेळ बोलला. त्याच आठवड्यात केलेला, कुठेच न दाखवलेला.

"पाटी रंगली, दुकान चाललं, शेठ हासला, मी हासलो,
बोललो बोललो, गळा गेला, डॉक्टर आला, मी बसलो,
गळा घ्या जी, हात ठेवा, बोट ठेवा, नख ठेवा,
आवाज गेला तं गेला बापू, मांगं काय राहिलं?"

आणि थांबला. हात हवेत फिरला. बराच वेळ फिरला. मोठं चित्र होतं ते. मी डोळे ताणून बघत होते, पण हवेत काय दिसणार? मग घुंगरूही थांबलं. यांनी खट्कन बटण दाबलं आणि खुशीत म्हणाले, "एक नंबर! साफ आली."

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक घेऊन तो काही महिने राहिला. एका दुपारी मी नीळ कालवली, भिंतीपुढे त्याला बसवलं आणि म्हटलं, "दादा, ते शेवटचं चित्र काढ नं." त्याने कुंचला उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, बोलणं मला करायचं होतं. मी सुरू केलं. पण माझं बोलणं म्हणजे शाळेतल्या बाईंचं, पाढे म्हटल्यासारखं. त्याने माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मी पाय आपटायला लागले, ठेका चुकला, पुन्हा धरला, "मांगं काय राहिलं" पर्यंत येता येता मला रडू कोसळलं. त्याने कुंचला डब्यात ठेवला आणि निळ्या हाताने माझे डोळे पुसले. पुढे दुखणं उलटलं आणि दिवाळीच्या आधी तो गेला.

यांच्याशी मी कितीतरी दिवस धड बोलले नाही. बिचारे तीच टेप पुन्हा पुन्हा पुसून जपून ठेवायचे, डबीत कापूस घालून. ते बघून तर मला जास्तच संताप यायचा.

वर्ष सरल्यावर माय म्हणाली, "लाव वं ते. आयकू दे मले."

यांनी मित्राचा टेपरेकॉर्डर पुन्हा मागून आणला आणि मी टेप लावली. दादाचा आवाज खोलीत आला तशी माय भिंतीला टेकून बसली. बापाचा खेळ लागला. "सांज झाली, दार वाजलं, कोण आला?" आणि रिकामं घुंगरू वाजायला लागलं.

"माह्या घरचा!" माय ओरडली.

मी दचकले. हे दारात उभे होते, ते तिथेच थबकले. मग पुढच्या प्रत्येक खेळाला तेच झालं. दादा थांबायचा आणि माय त्या जागी शब्द टाकायची, चढ्या आवाजात, एकही न चुकता. त्या दिवशी दाबून धरलेले सगळे शब्द तिने त्याला दिले. टेपमधला दादा आता अडत नव्हता. शब्द घेऊन पुढे निघत होता, मंडईत निघायचा तसा. हे दाराशी उभ्या उभ्या रडत होते आणि माझा त्यांच्यावरचा राग कुठल्या कुठे गेला.

मग शेवटचा खेळ आला. "आवाज गेला तं गेला बापू, मांगं काय राहिलं?"

घुंगरू वाजत राहिलं. मायचं तोंड उघडं होतं, शब्द येत नव्हता. ती पुढे सरकली आणि टेपरेकॉर्डरवर हात ठेवून हळूच म्हणाली, "हे मले नाई मालूम गा बाबू. हे तूच सांग."