टायरचे दोन तुकडे

गल्लीत सगळे त्यांना पंक्चरकाका म्हणत. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा उठला की त्यावर बोट ठेवायचं. चाळीस वर्षांत ते बोट कधी चुकलं नव्हतं. "हवा लपून लपेल कुठे?" असं ते म्हणत, आणि म्हणताना हात आपसूक मिशीकडे जाई.

दुकान मुलीच्या हाती देऊन काका घरी बसले, तेव्हा त्यांनी एक जुना फ्रिज आणला. फक्त बिअरचा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तो घरजावयासारखा ऐटीत उभा राहिला. पण महिन्याभरात वरच्या कप्प्यात बर्फाचं वारूळ उठलं, बाटल्यांना घाम फुटून कागद गळून पडले आणि दारातून पाणी झिरपू लागलं. त्याच पाण्यावरून काकू एकदा घसरता घसरता वाचल्या.

"रविवारपर्यंत फरशी कोरडी दिसली नाही, तर फ्रिज माझ्या भावाकडे जाईल," त्या म्हणाल्या. भाऊ तर टपलेलाच होता. त्याने हातगाडीसुद्धा सांगून ठेवली.

काका कामाला लागले. भर दुपारी खिडक्या लावून खोलीत अंधार केला, पेटती बॅटरी फ्रिजमध्ये ठेवून दार लावलं. वरच्या कडेला उजेडाची बारीक रेघ दिसली.

"सापडली! बाहेरची दमट हवा इथून आत शिरते आणि तिचाच बर्फ होतो."

दाराचं रबर त्यांनी कोमट पाण्याने शेकलं, ताणलं, पुसलं. शनिवारी पाहतात तो पुन्हा बर्फ, पुन्हा पाणी. काकांचा चेहरा हवा गेलेल्या ट्यूबसारखा झाला.

काकू फरशी पुसता पुसता थांबल्या. "अहो, हे पाणी दरवेळी पुढेच कसं येतं? आणि दार आपलं आपण उघडतं कसं?" त्यांनी वाकून फ्रिजखाली पाहिलं. "मागच्या पायांखाली हे काय कोंबलंय?"

"टायरचे तुकडे. खडखड होत होती म्हणून मीच..." बोलता बोलता काकाही वाकले. फ्रिज पुढे झुकला होता. दार नीट टेकत नव्हतं, आणि बर्फाचं जे पाणी मागच्या भोकातून निघून जायचं, ते पुढे पळत होतं.

"साऱ्या गावाची गळती शोधलीत," काकू हसू दाबत म्हणाल्या, "आणि घरातली स्वतःच लावलीत!"

काकांनी मिशीला हात लावला नाही. बर्फ वितळवला, तुकडे पुढच्या पायांखाली सरकवले. दार हलकेच सोडलं, तसं ते स्वतःहून जाऊन टेकलं.

रविवारी मेहुणा हातगाडी घेऊन हजर. काकू अनवाणी फरशीवर फिरल्या, टाच घासून पाहिली. ठणठणीत कोरडी.

"राहू दे रे इथेच," त्या भावाला म्हणाल्या.

"आता मी रिकामा जाऊ होय, भावोजी?"

"रिकामा कशाला?" काकांनी कोरडी, थंडगार बाटली त्याच्या हातात दिली. "ही पी. तोवर तुझ्या गाडीच्या चाकात हवा भरतो, पार बसलंय ते."