पट्टीवाल्याचा समुद्र

सरकारी दप्तरात सावळारामचा हुद्दा 'खलाशी' असा होता, आणि समुद्र काही त्यानं जन्मात पाहिला नव्हता. मोजणीच्या पार्टीत जो पट्टी धरतो तो खलाशी. तीन पायांवरच्या दुर्बिणीला डोळा लावून साहेब आकडा वाचणार, दुसरा कुणी तो टिपून घेणार, आणि लांब कुठंतरी करवंदीच्या जाळीत पाय रोवून सावळाराम ती उंच पट्टी सरळ उभी धरणार. पट्टीवरचे आकडे दुर्बिणीकडं तोंड करून, आणि सावळाराम पट्टीच्या पाठीमागं. सारी हयात आकडे उभे करण्यात गेली, पण आकडा काय आला ते त्याला दुसऱ्याकडूनच कळायचं.

तरी कळमदऱ्याच्या बौद्धवाडीत त्याचा मान असा, की विचारू नका. घोड नदीवर डिंभ्याचं धरण व्हायचं ठरलं, तेव्हा पाणी कुठवर चढणार त्याची रेषा आखायला जी पार्टी आली तिच्यात हा होता, आणि रेषा नेमकी त्याच्याच गावावरून गेली. खालचं गाव, देवळं, चावडी, भाताची खाचरं, सगळं बुडितात गेलं. बौद्धवाडी गावापासून फटकून, वर टेकाडावर. का फटकून ते मराठी माणसाला सांगायला नको. वाडवडलांना ज्या खडकाळ टेकाडावर ढकललं होतं तेच कोरडं राहिलं! थोरल्या बहिणीच्या, साळुबाईच्या अंगणाखाली सावळारामनं रेषेचा दगड स्वतः पुरला. दगडापेक्षा तिचा उंबरा कंबरभर वर.

"आक्के, पाणी हितवर येईल," तो म्हणाला, "ह्याच्या वर न्हाई."

ती काळ्या दगडावरची रेघ ठरली. नव्वदीच्या दशकात धरण भरायला लागलं, खालच्या गावाचे लोक ट्रकांत भांडीकुंडी घालून पुनर्वसनाला गेले, आणि पाणी दगडाच्या खाली येऊन मुकाट थांबलं. दर भाद्रपदात सावळाराम नोकरीच्या गावाहून, घोडेगावहून यायचा आणि दगडाशी उकिडवा बसून पाण्याकडं बघायचा. आई गेली तेव्हा तो रांगत होता. साळुबाईनंच त्याला कडेवर वागवून वाढवलं. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, पुन्हा त्यानं लग्न केलं नाही. बहीण, तिचा नवरा धर्माजी आणि भाची अंजना, एवढाच त्याचा संसार. त्या कुटुंबाचं घर आपल्या शब्दावर उभं आहे, याचा त्याला भारी अभिमान होता.

मग पार्टीत पिवळा डबा आला. तीन पायांवर ठेवायचा, बटण दाबायचं, आणि हा डबा म्हणे आभाळातल्या उपग्रहांशी बोलून जागेची उंची सांगणार. पट्ट्या कोठारात गेल्या. दुसरा कुणी असता तर त्या डब्याला शिव्या घातल्या असत्या. आपला गडी भलताच. ज्यानं हातचं काम काढून घेतलं त्याच्याच प्रेमात पडला! चहाच्या टपरीवर पेपर आला की पहिल्यांदा उपग्रहाची बातमी शोधायचा. कुठला सुटला, कुठला समुद्रात पडला, कुठला काय मोजतो. लोक हसायचे. "सावळारामभाऊ, आज वर काय चाललंय राव?" की हा सुरू.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत तो खोडदला गेला. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड तबकड्यांपाशी विज्ञानाचं प्रदर्शन भरतं, शाळाशाळांची पोरं तक्ते घेऊन येतात. आणे गावच्या पठारावरच्या एका शाळेच्या तक्त्यापुढं सावळाराम खिळला. वर एक उपग्रह, खाली निळा समुद्र, मधे बाण. शेजारच्या चित्रात मुंबईच्या इमारती गुडघ्याच्या वर पाण्यात, आणि लाल अक्षरांत 'एक मीटर'.

"मास्तर, हे खरं हाय?" त्यानं तक्त्यापाशी उभ्या असलेल्या मास्तरांना विचारलं. "उपग्रह समुद्राची उंची मोजतो?"

"तर! तेराशे किलोमीटरवरून मोजतो. बोटभर फरक पडला तरी सांगतो."

"आन् समुद्र वाढतोय?"

"वाढतोय की. त्यात शंकाच नाही."

लाल अक्षरांच्या खाली बारीक अक्षरांत 'येत्या शंभर वर्षांत, फार तर' असंही लिहिलं होतं. तिथवर त्याची नजर गेलीच नाही. किती वाढला, हे त्यानं विचारलं नाही. उपग्रह म्हणतो वाढतोय, चित्रात एक मीटर लिहिलंय, झालं! अर्ध्या हळकुंडानं पिवळा होऊन माणूस घरी निघाला.

येताना जीपमध्ये त्याच्या डोक्यात जे फिरायला लागलं ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलंच नसतं. त्याला पट्टीवाल्याचंच डोकं हवं. पट्टीचा पाय खुणेवर नीट टेकला पाहिजे, हा या धंद्याचा पहिला धडा. पायाखाली गवताचा पुंजका जरी आला तरी पट्टी वर उचलली जाते आणि पुढचं सगळं काम चुकतं. नवीन होता तेव्हा या चुकीपायी साहेबानं त्याच्या थोबाडीत दिली होती. आता, डोंगराची, धरणाची, दगडाची, सगळी उंची मोजायची ती समुद्रसपाटीपासून. म्हणजे समुद्र हाच पाय! धरणवाले पाणी भरतात ते आकडा बघून. पाय मीटरभर वर गेला, तर तोच आकडा मीटरभर वर येणार. आणि मीटर म्हणजे कंबरभर. म्हणजे थेट साळुबाईचा उंबरा.

ही निव्वळ चूक होती. धरणाची भिंत समुद्राकडं बघून उंच होत नाही, सांडवा बांधला तिथंच राहतो, त्याच्या वरचं पाणी वाहून जातं. कुठल्याही शाखा अभियंत्यानं चहाच्या घोटाबरोबर हे सांगितलं असतं. पण सावळारामनं साहेबांना विचारलं नाही. थोबाडीत खाल्लेला माणूस पुन्हा कशाला विचारेल?

त्या पावसाळ्यात वारा खालून वर होता आणि धरण काठोकाठ भरलं होतं. लाटा उसळल्या आणि दगड ओला झाला. वाऱ्यानं पाणी उडालं, एवढंच. पण सावळाराम पांढराफटक पडला. डिसेंबरात टीव्हीवर त्सुनामी आली. समुद्र जमिनीवर घुसलेला, उपग्रहानं काढलेली चित्रं, आधीचा किनारा आणि नंतरचा. दुसऱ्याच दिवशी तो कळमदऱ्यात हजर.

"आक्के, हे घर सोडायचं."

साळुबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. "का रं बाबा? तूच म्हनला व्हतास, ह्याच्या वर न्हाई."

"तवा समुद्र खाली व्हता."

धर्माजी अंगणात वाखाची दोरी वळत होता. मोजकं बोलणारा माणूस. "आन् जायचं कुठं?"

सावळारामनं वर बोट दाखवलं. टेकाडाच्या मागं, डोंगराच्या पायाशी एक सपाट तुकडा होता. धर्माजीचाच, नाचणीचा.

"तिथं पावसाळ्यात जमिनीतनं झरे फुटत्यात," धर्माजी म्हणाला. "दरड बी ढिली हाय. माझा बाप तिथं गुरं बांधीत न्हवता."

"भाऊजी, पाणी खालनं येतं. वरनं न्हाई."

धर्माजीनं मेहुण्याकडं पाहिलं. हा सरकारी माणूस, यानं सांगितलेली रेषा बारा महिने तेरा काळ खरी ठरलेली. गावात राहून गावाबाहेरचं काही कळतं ते यालाच. धर्माजीनं वाख खाली ठेवला आणि बायकोकडं बघितलं.

साळुबाई म्हणाली, "माझा सावळ्या कवा खोटं बोलला न्हाई." संपलं.

उन्हाळ्यात घर उठलं. सावळारामनं रजा काढली, जोत्याचे कोपरे पाण्याच्या नळीनं एका पातळीत आणले, विटा उचलल्या, पत्र्यांना खिळे ठोकले. असा आनंदी त्याला कुणी कधी पाहिला नव्हता. अंजना घोडेगावात डी.एड. करत होती, तीही सुट्टीत येऊन जमीन सारवून गेली. वैशाखी पौर्णिमेला बुद्धांची तसबीर नव्या भिंतीवर लागली. जुन्या घरात म्हशी बांधल्या.

पुढं काय झालं ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगितलं पाहिजे.

दोन हजार पाचच्या जुलैत पाऊस कसा कोसळला ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. घोडेगावचा रस्ता बंद, फोन बंद. अशा एका सकाळी, साळुबाईनं चूल पेटवली असेल नसेल, वरची दरड सुटली. वाडीतल्या लोकांनी आवाज ऐकला आणि धावले, तर नाचणीच्या तुकड्यावर घर नव्हतं. चिखल होता, आणि चिखलात उलटी झाडं.

निरोप मिळताच सावळाराम डोंगरातनं पायी पोचला तेव्हा लोक फावड्यांनी उपसत होते. तोही उपसायला लागला. नखं उलटली तरी थांबेना. धर्माजी आधी सापडला, साळुबाई मागनं. तिच्या हाताला पीठ तसंच होतं. सावळाराम तिच्याशी गुडघ्यावर बसला. तिच्या तोंडावरचा चिखल धोतराच्या सोग्यानं पुसत राहिला, पुसून झाला तरी पुसत राहिला. शेवटी दोघांनी धरून त्याला उठवलं.

खाली जुन्या घरात म्हशी रवंथ करत उभ्या होत्या. पाणी दगडाच्या खालीच होतं. टेकाडावरचं एकही घर पडलं नव्हतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात, पण इथं आग नव्हतीच. बरी चाललेली माणसं त्यानं हाताला धरून फुफाट्यात नेली होती.

वाडीनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. जलदान विधीला सगळे आले, शेजारी बसले, पाठीवरून हात फिरवला. असल्या चांगुलपणानं माणूस मरतो! कुणी चपलेनं मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, असं तो पुढं एकदाच म्हणाला होता.

अंजना घोडेगावात वसतिगृहावर होती, म्हणून वाचली होती. लोक पांगल्यावर, जुन्या घरातल्या म्हशी सोडून ती पाण्याकडं निघाली तेव्हा तो मागोमाग गेला. दगडाशी ती थांबली.

"मामा, एक इचारू?"

"इचार."

"समुद्र किती चढला?"

सावळाराम गडबडला. "चढला की. उपग्रहानं..."

"ते ठाव हाय. किती?"

त्यानं पाण्याकडं पाहिलं. खरंच ठाऊक नव्हतं. बहिणीचं घर उठवलं, तरी आकडा त्यानं विचारलाच नव्हता. अंजना म्हशी घेऊन निघून गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची.

फेब्रुवारीत तो पुन्हा खोडदला गेला. तबकड्या तशाच, प्रदर्शन तसंच, तक्ते नवे. आण्याकडचे ते मास्तर त्यानं गर्दीतून हुडकून काढले आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "उपग्रह मोजायला लागल्यापासून समुद्र आजवर एकंदर किती चढलाय?"

मास्तरांना प्रश्न आवडला. "वर्षाला तीनेक मिलिमीटर. बारा-तेरा वर्षं झाली मोजायला लागून. चारएक सेंटिमीटर धरा. फार होतं बरं हे, समुद्राच्या मानानं."

"हाताच्या मापानं सांगा."

मास्तरांनी दोन बोटं जुळवून आडवी धरली.

सावळाराम तिथनं निघाला तो थेट घोडेगावात अंजनाच्या वसतिगृहावर. तिला फाटकाशी बोलावलं. ती आली. आता लपवायचं कुणापासून आणि कशाला? त्यानं तिच्यापुढं हात धरला. दोन बोटं, जुळवलेली, आडवी. दुसऱ्या हातानं मनगट धरलं, पट्टी धरावी तसं.

"एवढा चढला, पोरी."

अंजनानं त्या बोटांकडं पाहिलं.

"एवढाच?" ती म्हणाली.

"एवढाच," सावळाराम म्हणाला.