दोऱ्यानं बांधलेले आंबे

केंदूरच्या संपतराव कोळप्यांनी घरामागच्या परसात आंब्याची बुटकी कलमं लावली होती. शेंडे छाटून छाटून झाडं कमरेएवढीच ठेवलेली. "आमच्यात बसून आंबं तोडायचं," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. खुटबावला दिलेल्या लेकीच्या, धनश्रीच्या सासऱ्यांनाही त्यांनी तेच सांगितलं. म्हणून २००३च्या उन्हाळ्यात ते सासरे, आप्पा, सुनेला घेऊन मुद्दाम झाडं बघायला आले.

त्या साली मोहोर मात्र सगळा गळून गेला होता. संपतरावांनी आदल्या दिवशी तळेगावच्या बाजारातून आंबे आणले आणि हिरव्या दोऱ्यानं फांद्यांना बांधले.

आप्पांनी कौतुकानं वाकून एक आंबा ओंजळीत धरला. तो अलगद हातात आला, देठाला गाठ मारलेल्या दोऱ्यासकट. आप्पांनी दोरा पाहिला, मग सुनेकडं पाहिलं. धनश्रीची मान खाली गेली.

"वाऱ्यानं ढिला झाला असंल," म्हणत आप्पांनी आंबा खिशात घातला.

जेवणं झाल्यावर निघताना जीपजवळ संपतराव कसेबसे म्हणाले, "आप्पा, ती फळं बाजारातली व्हती."

"व्हय. पर झाडं झ्याक हायेत तुमची. मोहोर कशानं गळला?"

संपतरावांनी लेकीकडं पाहिलं. ती दुसरीकडं तोंड करून जीपमध्ये बसली होती. खोटेपणा बापानं केला होता, आणि सासरच्या घरात मान खाली घालून तिला वावरावं लागणार होतं.