मूठ सुटली तेव्हा

चाकूची मूठ ललिताच्या हातात सुटली, तेव्हा संध्या शेजारच्याच वाफ्यात जंबेरीचे खुंट पुसत होती. ललिता ओरडली नाही. ती मटकन खाली बसली आणि तिने हात पदरात गुंडाळला. पदर लाल व्हायला लागला तेव्हा बाकीच्या बायांना कळलं.

तो चाकू संध्यानेच बनवलेला होता.

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत थंडीच्या दिवसांत संत्र्याचे डोळे भरतात, म्हणजे कलमं करतात. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या खुंटाच्या सालीला चीर द्यायची, त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. संध्या हे काम लग्नाआधीपासून करायची. बाजारातले चाकू बायांच्या हाताला जड पडतात, म्हणून तिने जुन्या करवतीच्या पोलादाचं पातं करून हलका, मिटता चाकू बनवला. मुठीला आत दोन्ही बाजूंनी पितळी पट्टी आणि त्यावर शिसमचं लाकूड. तो बायांना आवडला. मग पुरुषही मागायला लागले.

वरूडच्या डॉक्टरांनी टाके घातले. उजवा अंगठा राहील, पण त्यातली जाणीव परत येईल असं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. ललिताने संध्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर संध्याने तो चाकू उजेडात धरला. लाकडाचा तुकडा पट्टीवरून सबंध निघाला होता. सगळा गोंद लाकडाला चिकटून राहिलेला आणि पितळ आरशासारखं स्वच्छ. तिने पट्टीवरून बोट फिरवलं. या हंगामात तिने पट्ट्या आतूनही पॉलिश केल्या होत्या. लाकूड घट्ट बसावं म्हणून शिकंजा जोरात आवळला होता, तेव्हा बराचसा गोंद कडेने बाहेर आला होता. घाई होती म्हणून मूठ मशीनवर इतकी घासली होती, की ती कढत होऊन गोंद मऊ पडला असणार. आणि तळव्याला टोचतात अशी तक्रार आली, म्हणून पितळी खिळे काढून टाकले होते. म्हणजे मूठ होती ती फक्त गोंदाच्या भरवशावर, आणि चाकू तर रोग पसरू नये म्हणून प्रत्येक झाडानंतर औषधाच्या पाण्यात बुडायचा.

"एखादा खराब निघते," तिचा नवरा धर्मेंद्र म्हणाला. "सगळ्यांले सांगत फिरशील तं पुन्हा कोणी तुह्या हातचा चाकू घेणार नाई."

संध्याने विकायला ठेवलेला एक नवा चाकू उचलला, गरम पाण्यात टाकला आणि थोड्या वेळाने काढून फटीत पटाशीचं टोक घातलं. हलकंच दाबलं. लाकूड टपकन निघालं. तिने दुसरा चाकू घेतला. तोही तसाच उघडला.

धर्मेंद्रने दोन्ही चाकू हातात घेऊन पाहिले. त्याने गाडीची किल्ली घेतली.

दोघं वाफ्या-वाफ्यात जाऊन चाकू गोळा करत फिरले. कोणी निमूट दिले, कोणी ऐकवलं. शेवटी एकच चाकू बाकी राहिला. तो गावातले जुने कलमवाले नत्थुजी यांच्याकडे होता, आणि नत्थुजी लिंबाच्या कलमांसाठी अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याकडे गेले होते. त्यांचा फोन नुसता वाजत राहायचा. रात्रभर संध्याच्या डोळ्यांपुढून ललिताचा पदर हलेना. सकाळच्या पहिल्या गाडीने ती निघाली. अमरावतीला गाडी बदलली, अकोटला पुन्हा बदलली. सगळ्या वाटेने ती फोन लावत होती.

तिथल्या रोपवाटिकेच्या फाटकातूनच तिला नत्थुजी दिसले. म्हातारा माणूस, उकिडवा बसलेला, डाव्या अंगठ्याने खुंट दाबून धरलेला आणि चाकू सालीत उतरलेला. संध्याच्या तोंडात हाक आली होती, ती तिने गिळली. दचकून हात हलला असता तर पातं सरळ अंगठ्यावर गेलं असतं. ती जागीच उभी राहिली. नत्थुजींनी चीर पुरी केली, डोळा बसवला, दातांत धरलेली पट्टी घेऊन सावकाश बांधली. मग चाकू खाली ठेवला.

तेव्हा ती धावली.

"काय झालं व पोरी? तू इथं काहून?"

तिने चाकू उचलला. मुठीवर चिंधी गुंडाळलेली होती.

"थोडी हलून राहिली होती," नत्थुजी म्हणाले. "म्हटलं, एवढा हंगाम काढून देईल."

चिंधी सोडताच लाकूड तिच्या हातात आलं. संध्या तिथेच बांधावर बसली.

त्यानंतर तिने बरेच दिवस एकही चाकू विकला नाही. पितळाची आतली बाजू जाड पॉलिश पेपरने आडवी-उभी खरवडली, पट्टीला बारीक भोकं पाडली, म्हणजे गोंद त्यांत उतरून धरून राहील. पितळ आणि लाकूड दोन्ही थिनरने पुसून, पुन्हा बोट न लावता जोडलं. शिकंजा बेताचाच आवळला. खिळे परत घातले, पण त्यांची डोकी लाकडाशी सपाट केली. मशीन बंद ठेवून मूठ हाताने घासली. तरी पहिले काही चाकू गरम पाण्यात उघडलेच. खरवडल्यावर पट्टीला तिचा घामट हात लागला होता. तिने ते मोडून पुन्हा केले.

मग एक चाकू घेऊन ती ललिताकडे गेली. ललिता अंगणात बसली होती.

"माह्या अंगठ्याले आता गरम-थंड समजत नाई," ललिता म्हणाली. "अन् तू चाकू घेऊन आली."

"घ्याले नाई म्हणत. तोडून पाह्य."

ललिता उठली. मग घरात गेली, चुलीवरचं उकळतं पाणी आणि स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन आली. चाकू पाण्यात टाकला. पाणी निवत आल्यावर ललिताने तो काढला, डाव्या हाताने पेचकस फटीत खुपसला आणि सगळा राग घालून दाबला. काहीच हललं नाही. तिने पायाखाली मूठ धरून पुन्हा दाबला. संध्याने मान वळवली.

काडकन आवाज झाला.

शिसम उभं चिरलं होतं. अर्धा तुकडा दूर उडाला होता; उरलेला पितळाला तसाच धरून होता. ललिताने नख घालून पाहिलं, पेचकसाने खरवडून पाहिलं. तो सुटला नाही.

"लाकूड मोडलं," ती म्हणाली, "जोड नाई मोडला." मग उरलेली मूठ डाव्या हातात तोलून, "दुसरा कर. डाव्या हाताचा कर मले."