डाळीचे पाणी आणि दाढीचा फेस

तारीख १४ एप्रिल १९५९, मंगळवार. रक्कम सहा आणे, नव्या हिशेबाने सदतीस नवे पैसे. जागा उमरग्याच्या मोटार स्टँडजवळचे किराणा दुकान. हजर तिघे: मी, दुकानदार आणि दुकानाच्या वळचणीला खुर्ची मांडून बसणारा न्हावी. घेतलेली वस्तू म्हणजे दाढीच्या साबणाची एक वडी. पिवळट, वेष्टन नसलेली, दुकानातली सर्वांत स्वस्त.

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी स्वतःच्या हाताने दाढी केली नव्हती. तेरजवळ आमच्या गावी न्हावी बुधवारी आणि रविवारी घरी येत असे आणि सुगीला आपले बलुते घेऊन जात असे. बदली होऊन उमरग्याला आलो, तेव्हा ती सोय सुटली. तालुक्याच्या कचेरीत मला निजामी अमदानीतली उर्दू दफ्तरे मराठीत उतरवण्याचे काम होते. दिवसाकाठी चौदा-पंधरा पाने होत. संध्याकाळी डोळे चुरचुरत, मान धरे. त्यानंतर ट्रक ड्रायव्हरांच्या मागे रांगेत बसून दाढीची वाट पाहणे मला होईना. म्हणून घरीच करायचे ठरवले.

मी वडी पिशवीत टाकली, तेव्हा न्हाव्याने विचारले, "पाणी कुठलं वापरणार साहेब?"

अंगणातल्या विहिरीचे, असे मी सांगितले. तो "बरं" म्हणाला आणि वस्तऱ्याला धार लावू लागला. गिऱ्हाईक गेल्याचे त्याला वाईट वाटले असेल, असे मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पितळी वाटीत वडी ठेवून ब्रश फिरवायला सुरुवात केली. पन्नास फेरे झाले, शंभर झाले. वाटीत फेस नव्हता, नासलेल्या दुधासारख्या कण्या तरंगत होत्या. गालावर लावल्या तर त्या वाळून पापडी धरत. हनुवटीवर तीन ठिकाणी कापले, आणि कचेरीत दिवसभर मी कागदाचे कपटे चिकटवून बसलो.

पुढचे दहा दिवस मी साबणालाच दोष देत होतो. वडी रात्रभर भिजत घातली. सुरीने किसून पाहिली. धुण्याच्या सोड्याची चिमूट घातली. त्याने फेस थोडा उठला, पण गाल असे पेटले की दुपारपर्यंत हात लावू देईनात. शेवटी वडी घेऊन न्हाव्याकडेच गेलो. गिऱ्हाईक तोडले म्हणून तो बोलून घेईल असे वाटले होते, पण तो बोलला नाही. त्याने आपल्या मडक्यातले पाणी घेतले, माझीच वडी, माझाच ब्रश, आणि माझ्या डोळ्यांदेखत वाटी भरून फेस काढला.

"साबण बिचारा काय करील," तो म्हणाला. "ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजते, त्या पाण्यात फेस येतो. तुमच्या विहिरीचं पाणी जड हाय. घरात बाईमाणसाला इचारा, त्यांना ठावं असतंय."

बाकीची रीतही त्याने सांगितली. ब्रश कोमट पाण्यात बुडवून ठेवावा, मग तीनदा झटकावा. वडीवर चार थेंब टाकून तोंड धुऊन होईपर्यंत ती मुरू द्यावी. आधी दाट चोळावे, पाणी मागाहून थेंबाथेंबाने वाढवावे. घाई केली तर बुडबुडे येतात, फेस येत नाही.

घरात विचारायची गरजच नव्हती. डाळीचे पाणी आमच्याकडे निराळे होते. ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवरून एक मावशी रोज सकाळी एक कळशी आणून देई. साठीची विधवा बाई. आमच्या आळीतल्या चार घरांना ती हे पाणी घाली आणि त्यावरच तिचे चाले. घरामागे महिन्याला दोन रुपये. धाकट्याच्या बाळंतपणापासून पत्नीच्या कमरेत चमक भरे, म्हणून ही मावशी लावलेली. बाकी सगळ्याला अंगणातलेच पाणी. त्या कळशीला डाळीखेरीज कोणी हात लावायचा नाही, असा घरातला नियम होता.

दुसऱ्या दिवशी सगळे उठायच्या आधी मी त्या कळशीतून एक तांब्या घेतला.

फेस आला. पंचवीस फेऱ्यांत वाटी भरली. ब्रश उभा धरला तरी ओघळेना. गालावर तो सायीसारखा बसला, आणि पाते कुठे अडकले नाही. कित्येक महिन्यांत माझ्या अंगाला एवढे सुख लागले नव्हते. दहा मिनिटांचे सुख, पण त्या दिवसांत तेवढेही दुसरे कुठे नव्हते. आठवड्यातून दोनदा करायची दाढी मी रोज करू लागलो.

विचारून घेतले असते तर पत्नी नाही म्हणाली नसती. पण विचारायचे म्हणजे दाढीसाठी म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावरचे पाणी मागायचे, याची लाज वाटली. म्हणून न विचारता घेत राहिलो, आणि कळशी उणी दिसू नये म्हणून घेतले तेवढे अंगणातले पाणी तिच्यात ओतून ठेवू लागलो. पुढे ब्रश धुवायलाही तेच पाणी बरे वाटू लागले आणि एका तांब्याचे दोन झाले. कळशीत तांबे मावत आठ. म्हणजे चौथा हिस्सा जड पाणी. शिवाय सकाळी कळशीत शिल्लक असलेल्या पाण्यावरच मावशी नवे ओतायची, त्यामुळे कालची भेसळ आज राहायचीच. हा हिशेब मी फार उशिरा केला. दफ्तरातल्या दुसऱ्याच्या चुका मात्र रोज काढत होतो.

मे उजाडला. अंगणातल्या विहिरीचे पाणी तळाला गेले आणि आणखी जड झाले. आमची डाळ शिजेना. पत्नी दोन-दोन तास चुलीपुढे फुंकर घालत बसे, आणि शेवटी ताटात वरणाचे पाणी वेगळे, डाळ वेगळी. मुलांची पोटे दुखू लागली. तिने आधी डाळ बदलून पाहिली, मग भांडे. मग तिचा संशय पाण्यावर गेला. ऊन एवढे, बाई म्हातारी, मळा लांब. अलीकडच्याच कुठल्यातरी विहिरीवर कळशी भरून आणत असणार, असे ती मला म्हणाली. मी जेवत होतो. मी ताटातली डाळ भातात चुरत राहिलो.

एका सकाळी मी ओसरीवर दाढीला बसलो असताना तिने मावशीला दारातच विचारले. मावशीने कळशी खाली ठेवली. "वैनी, पाणी त्येच हाय. माजी नात सोबत असतीया, तिला इचारा." पत्नी म्हणाली की नात तुमचीच, ती काय सांगणार. उद्यापासून नको, असे तिने सांगून टाकले. माझ्या गालावर फेस होता. मावशीने माझ्याकडे एकदा पाहिले, मी मध्यस्थी करीन या आशेने असेल. मी पाते खाली ओढत राहिलो.

दोन दिवसांनी शेजारच्या घरानेही तिला बंद केले. ते आमच्या हेडक्लार्कचे घर. त्यांची डाळ नीट शिजत होती, पण आमच्याकडचे ऐकून त्यांनाही शंका आली. तिसऱ्या घरात चर्चा चालू असल्याचे पत्नीनेच मला सांगितले. चारांतली दोन घरे गेली होती. तिसरे गेले तर ती बाई खाणार काय, हे मला कळत होते. तरी आणखी चार दिवस मी गप्प राहिलो. मला कशाचीच हिंमत उरली नव्हती, एवढेच खरे कारण आहे.

या सहा दिवसांत पत्नी स्वतः मळ्यातून कळशी आणत होती. पाण्याला मी हात लावला नाही, आणि डाळ शिजत होती. त्यामुळे मावशी लबाड, याबद्दल तिची खात्रीच झाली. सहाव्या दिवशी ती कळशी उतरवून भिंतीला धरून उभी राहिली, कंबर सरळ होईना. तेव्हा मी सांगितले. किती तांबे, किती दिवस, वरून काय ओतले, सगळे.

"सहा दिवस मी त्या बाईला चोर म्हणतेय," ती म्हणाली, "आणि चोर माझ्याच ओसरीवर आरसा लावून बसला होता. अहो, मागितलं असतं तर दोन तांबे जड झाले होते का मला?"

मी त्याच संध्याकाळी मावशीच्या झोपडीवर गेलो. ती दारात शेंगा फोडत होती. मी सांगत असताना तिने हात थांबवला नाही. माझे बोलणे संपल्यावर म्हणाली, "म्हंजी पाणी तुमच्या गालाला, आन् बोल माज्या डोईला."

मी म्हणालो की बुडालेल्या दिवसांचे पैसे देतो.

"पैशे मागनं. आदी त्या घरी जाऊन सांगा. मी सांगून कोण इस्वास ठिवंल?"

तेच मला टाळायचे होते. हेडक्लार्कांना सांगणे म्हणजे कचेरीत सगळ्यांना सांगणे. मी गेलो. ते आणि त्यांच्या पत्नी दोघेही ऐकून घेत होते. आधी ते हसले, मग त्यांच्या पत्नी गंभीर होऊन आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून कचेरीत माझ्या टेबलाशी येणारा प्रत्येकजण गालाकडे बघून डाळ शिजली का, असे विचारी. पावसाळा संपेपर्यंत हे चालले. दोन्ही घरी मावशीचे पाणी पुन्हा सुरू झाले. तिसऱ्या घराने तिला बंद केलेच नव्हते.

दाढीसाठी एक जादा कळशी आणता का, असे मी विचारले होते. डोकं एकच हाय, असे तिने उत्तर दिले. तेव्हापासून मी अंगणातलेच पाणी उकळतो, रात्रभर निवळू देतो आणि वरचे अलगद ओतून घेतो. वाटी निम्मी भरते. दाढी होते.

तिच्या पैशांचा हिशेब असा. आमच्याकडे तिचे सहा दिवस बुडाले, महिन्याच्या दोन रुपयांप्रमाणे चाळीस नवे पैसे. शेजारी चारच दिवस बुडाले होते, पण बोल सहाही दिवस तिलाच लागला, म्हणून तिथलेही चाळीसच धरले. मी रुपया दिला आणि उरलेले राहू द्या म्हणालो. तिने कनवटीची पिशवी सोडली, वीस नवे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले आणि पिशवी पुन्हा बांधली. एकूण दिले ऐंशी नवे पैसे, डाळीचे पाणी आणणाऱ्या मावशीला.