लेआने न घेतलेली शपथ

सहावीच्या वर्गात मी भूगोल शिकवत होते. दवाखान्यातली चांगुणा दारात येऊन उभी राहिली, पदराचं टोक तोंडात धरून. ती कधी शाळेत येत नाही, म्हणून मी खडू खाली ठेवला. म्हणाली, "बाई, तुमच्या लेआबाय नाय ऱ्हायल्या. सकाली च्या प्याल्या नि बसल्या जागीच मान टाकली." मुली माझ्याकडे बघत होत्या. मी चांगुणाला म्हटलं, येते, आणि फळ्यावरचा नकाशा पुरा केला. का केला ते मला अजून कळलेलं नाही. नद्या काढायच्या राहिल्या होत्या, त्या काढल्या... मग वर्ग दुसऱ्या बाईंच्या ताब्यात देऊन घरी आले, तर आमच्या सामाईक भिंतीपलीकडे तिला सतरंजीवर निजवलं होतं. त्यांच्या धर्मात मयताच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पनवेलात तेवढे उरलेच नव्हते, म्हणून पेणहून माणसं येईपर्यंत थांबावं लागलं. तोवर तिच्याजवळ मी बसले. आमची दोघींची ही शेवटची भेट, आणि तीत बोलायचं होतं ते मी नेहमीसारखंच बोलले नाही.

याला सात आठवडे झाले. लेआ बेने इस्राएल, म्हणजे गावाच्या भाषेत शनवार तेली. या लोकांचे तेलाचे घाणे असत, तिच्या आजोबांचाही होता, आणि शनिवारी ते बंद, म्हणून हे नाव. मी कोकणी मुसलमान. आमची घरं भिंतीला भिंत लावून, आणि ती भिंत इतकी पातळ की एका घरात शिंकलं तर दुसऱ्या घरातून कुणीतरी बोलायचं. लेआ नगरपालिकेच्या दवाखान्यात सुईण होती. ठेंगणी, सावळी, नऊवारी घट्ट नेसलेली, बोलायला फटकळ. बाळंतिणीच्या नवऱ्याला अंगणात उभं करून झापायची आणि आत जाऊन त्याच्याच आईला गूळपाणी द्यायची. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तिची चूल विझायची. मला म्हणायची, "तुझा शुक्रवार दुपारी येतो, माझा संध्याकाळी. देवाने आपल्या दोघींना एकदम सुट्टी दिली नाही, भांडायला वेळ मिळाला असता." हसताना तिचा एक खांदा उडायचा. या लेखात तिचं, तिच्या माणसांचं नाव मी बदललं आहे. कारण वाचताना कळेलच.

लेआची आई मुळात लेआच्या आजीच्या पोटची नव्हती. प्लेगच्या साथीत कामोठ्याच्या बाजूच्या मिठागरातलं एक आगरी जोडपं चार दिवसांच्या अंतराने गेलं आणि मागे महिन्याची पोर राहिली. तेल विकायला तिकडे गेलेल्या लेआच्या आजोबांनी ती उचलून आणली. नवरा-बायकोला मूल नव्हतं. पोरीला दूध हवं होतं, आणि शेजारी माझ्या नानीच्या मांडीवर तेव्हा माझी आई होती. नानीने दोघींना पाजलं. आमच्या धर्मात दुधाचं नातं रक्ताच्या नात्याइतकंच पक्कं, त्यामुळे लेआची आई माझ्या आईची बहीण झाली. मात्र तेलवाल्यांनी नानीकडून वचन घेतलं. पोर कुठून आली हे कुणाला कळता कामा नये, नाहीतर आगरी म्हणतील आमची पोर पळवली आणि बेने इस्राएल म्हणतील ही आपली नव्हेच. तिघांनी एका वाटीतल्या मिठावर बोटं ठेवली, ते मीठ चाटलं आणि अहद, म्हणजे करार, केला. पुढे मी बारा वर्षांची झाले तेव्हा नानीने मला जवळ बसवून हे सांगितलं, कारण दुधाचं नातं लपवणंही पाप. आणि सांगून झाल्यावर माझंही बोट मिठात बुडवलं. "अहद केलायस पोरी," ती म्हणाली. "वर याचा जाब विचारतील." मला तेव्हा फक्त मीठ खारट लागलं एवढं आठवतं.

देश स्वतंत्र झाला, तिकडे इस्राएल हा त्यांचाही देश झाला आणि पाच-सहा वर्षांत लेआची आळी रिकामी होत गेली. कुणी कपाट विकायला काढी, कुणी पाटा-वरवंटा शेजारणीला देऊन जाई. लेआचा नवरा पलटणीत होता, ब्रह्मदेशात गेला तो परत आला नाही. दीर निघाला तेव्हा लेआची सोळा वर्षांची लेक रिबका त्याच्याबरोबर जायला हटून बसली. लेआला आईला सोडून जाता येईना. तिची आई म्हणायची, मी समुद्र ओलांडणार नाही, मला इथलंच मीठ लागतं. शेवटी लेआने ठरवलं, पोर पुढे जाऊ दे, आईचं झालं की आपण निघू. आई गेली ती दोन वर्षांनी. आणि जाण्याआधी तिने लेआला सगळं सांगितलं. तिला ते कुठून कळलं होतं कोण जाणे. "मी सांगितलं," म्हणाली, "आता तू काय करायचं ते तू बघ." दुसऱ्या दिवशी लेआ माझ्याकडे आली आणि सरळ विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मी मान डोलावली.

तेव्हापासून लेआ पनवेलात अडकली. वंश आईकडून चालतो असा त्यांचा नियम. तिकडे जायचं तर कुणीतरी कधीतरी विचारणार, आणि खोटं सांगून देवाच्या देशात जायचं हे तिला पटत नव्हतं. न जावं तर लेक तिकडे. ती रिबकाला लिहायची, तूच परत ये. दर पत्रात तेच, कारण न सांगता. एकदा माझ्या ओसरीवर तांदूळ निवडताना तिने मला विचारलं, "तुमच्यात काय म्हणतात ग, करार कधी झाला?" मी सांगितलं, आमच्यात म्हणतात की जन्माच्याही आधी सगळ्या रूहांना, जिवांना, अल्लाने विचारलं, मी तुमचा मालक ना? आणि सगळ्यांनी हो म्हटलं. ती म्हणाली, "आमचा सीनाय डोंगरापाशी झाला. पण आमचे म्हातारे सांगायचे, पुढे जन्मणारे सगळे जीव तिथं हजर होते." मग खडा उचलून बाजूला ठेवत म्हणाली, "माझ्या आईचा जीव तिथं होता की नव्हता, हे कोण सांगणार मला? जन्मभर तिने शुक्रवारी दिवा लावला. एक शनिवार चूल पेटवली नाही. ती त्या करारात नसेल तर मी कुठे आहे?" मी शाळामास्तरीण, मला सगळ्याची उत्तरं देण्याची खोड. त्या दिवशी मी तांदूळ पाखडत राहिले.

रिबकाचं लग्न ठरलं आणि तिकडून कागद आला. बेने इस्राएलांच्या वंशाची विचारपूस तेव्हा तिकडे सुरू झाली होती. आईची आई कोण, तिची आई कोण, हे लिहून द्यायचं, मुलीच्या आईने शपथ घ्यायची आणि जुन्या शेजाऱ्याची साक्ष जोडायची. इथल्या त्यांच्या मशिदीचे (सिनेगॉगला तेही मशीदच म्हणतात) मुकादम आरोनकाका कागद घेऊन लेआकडे गेले. ती म्हणाली, "मी शपथ घेणार नाही." काकांना यात वावगं वाटलं नाही. त्यांच्यात कितीतरी देवभीरू माणसं खरी शपथसुद्धा तोंडातून काढत नाहीत. ते तसेच उठून माझ्याकडे आले. "हमीदाबाई, तुमच्या तीन पिढ्या इथं. लेआची आई याच घरात जन्मली एवढंच लिहून सही करा. तुमची साक्ष असली की तिच्या शपथेवाचून निभेल." पोरीचं लग्न माझ्या बोटावर आलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाशी म्हटलं आणि सही केली. मोडलेल्या शपथेला आमच्याकडे कफ्फारा आहे, दहा गरिबांना जेवू घालावं. खोटी साक्ष दहा ताटांनी फिटते असं मात्र मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, मी लेआवरचं ओझं उचललं. त्याची ऐट वाटली, हेही कबूल करते.

दोन दिवसांनी त्यांचा दारफाळणीचा सण होता. त्या दिवशी ते दारं लावून घेतात, पांढरं नेसतात, उपास करतात आणि बाहेरच्या कुणाशी बोलत नाहीत. आदल्या संध्याकाळी एकमेकांची माफी मागायची रीत आहे. लेआ माझ्या उंबऱ्यात आली, हात जोडले. म्हणाली, "वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ कर." आता मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "तुझं काय चुकणार?" ती गेली आणि तिचं दार लागलं. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं, मध्येच उठल्याचं, बसल्याचं. अलीकडे मी. भिंतीला कान लावून, चोरासारखी. दार ठोठावता येत नव्हतं, आणि सांगितल्यावाचून राहवतही नव्हतं. आयुष्यातला एवढा लांब दिवस मी दुसरा पाहिला नाही.

सणानंतरचा दिवस त्यांच्यात शिळा सण. त्या दिवशी भेटीगाठी घेतात. लेआ पुऱ्या घेऊन आली आणि तिने बसायच्या आत मी सांगून टाकलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "सही केलीस," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "हमीदा, आता मला दोन्हीकडून कोंडलंस. खरं बोलले तर तू खोटी ठरतेस. गप्प राहिले तर मी." मी म्हटलं, आत्ता आरोनकाकांकडे जाते, सही मागे घेते. तिने माझा हात धरून खाली बसवलं. "माझ्यासाठी सही केलीस. आता माझ्यासाठीच ती मोडू नकोस, पुन्हा तेच होईल. तुझं मन तुला सांगेल तेव्हा जा. नाही सांगितलं तर नको जाऊस." आणि पुऱ्या झाकून ठेवायला उठली.

मी गेले नाही. मिठावरची शपथ हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण भीती. सही खोटी म्हटली की मास्तरीणबाई खोट्या, आणि या गावात मला सगळे बाई म्हणतात. लेआने मात्र आपल्यापुरतं केलं. तिने रिबकाला सगळं लिहून कळवलं. तुझ्या आजीचा जन्म असा, आता लग्न करायचं, सांगायचं की लपवायचं, हे तुझ्या मनाला विचार. माझं नाव त्या पत्रात नव्हतं. रिबकाचं उत्तर चार ओळींचं आलं. हमीदामावशींनी स्वतः सही करून दिली आहे, आणि मला परत नेण्यासाठी तू इतक्या थराला जाशील असं वाटलं नव्हतं. दर पत्रात 'परत ये' लिहिणारी आई, तिच्यावर विश्वास कसा बसावा? लग्न झालं. मुलं झाली. लेआला पुन्हा पत्र आलं नाही. पोस्टमन आळीत शिरला की ती हातातलं काम टाकून दारात यायची आणि तो पुढे गेला की दाराची कडी घासायला लागायची, जणू त्यासाठीच आली होती. तिच्या कडीसारखी लख्ख कडी पनवेलात दुसरी नव्हती. पाच वर्षं मी हे रोज पाहिलं आणि रोज भाकरी खाल्ली.

तिच्या मृत्यूची तार मीच केली. महिन्याभराने रिबकाचं पत्र आलं, मला. अक्षर अजून मी लहानपणी शाळेत गिरवून घेतलेलंच आहे. तिने लिहिलं आहे, 'आईने तेव्हा ते खोटं एकटेपणातून लिहिलं असेल. मलाही आता मुलं आहेत, मला कळतं. मी तिला माफ केलं आहे. शेवटी ती माझ्याबद्दल काही बोलली का, तेवढं कळवा.'

मी तिला माफ केलं आहे... ते वाक्य मी तीनदा वाचलं.

घरमालकाला खोली हवी होती, म्हणून गेल्या आठवड्यात लेआची पत्र्याची पेटी मी उघडली. तिच्या पांढऱ्या लुगड्याच्या घडीत चार कागद होते. चारही रिबकाला लिहिलेले, वेगवेगळ्या वेळी, शाईही वेगवेगळी. मजकूर जवळपास एकच. 'मी तुला लिहिलं ते खरं आहे. त्या कागदावरची साक्ष खोटी आहे, आणि ती देणारी बाई म्हणजे'... चारही कागद इथेच थांबले होते. एकातही पुढे अक्षर नाही. एवढं लिहिलं असतं तर तिची लेक तिला परत मिळाली असती. तिला माझं नाव लिहवलं नाही.

त्यातला सगळ्यात वरचा कागद मी घेतला. 'म्हणजे' या शब्दापुढे माझं नाव लिहिलं, मुलींना लिहायला लावते तसं पूर्ण, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट. खाली लिहिलं, 'तुझ्या आईला माफ करण्यासारखं काही नव्हतं. पुढे काय करायचं ते तुझं मन ठरवील, असं ती म्हणाली असती.' काल तो पोस्टात टाकला. त्याने रिबकाच्या संसारात काय होईल मला माहीत नाही. भीती वाटते. उत्तर येईल न येईल. उरलेले तीन कागद माझ्या टेबलावर आहेत, आणि मी वह्या तपासायला बसले की 'म्हणजे' पुढच्या कोऱ्या जागेकडे नजर जाते. तिथे लेआ बसलेली असते, टाक उचलून, माझं नाव न लिहिता.